शिवून टाकलेला खिसा

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात माझी लेक काउंटरवर कोपरं टेकून उभी होती आणि दुकानातला मुलगा तिच्यापुढे टी-शर्टांचा ढीग रचत होता. तिची मागणी सोपी होती. गडद रंग, सुती कापड, वर काहीही लिहिलेलं नको. चौदा वर्षांच्या मुलीची मागणी इतकी सोपी क्वचितच असते, त्यामुळे अर्ध्या तासात घरी पोचू अशा भ्रमात मी होते. पण त्या ढिगातला एकही टी-शर्ट तोंड मिटून बसायला तयार नव्हता. एकावर चमचमत्या इंग्रजी अक्षरांत 'मुली काहीही करू शकतात', दुसऱ्यावर 'उद्याचं जग मुलींचं', तिसऱ्यावर 'स्वतःवर विश्वास ठेव' आणि त्याखाली मुकुट घातलेलं मांजर. मांजराचा संबंध मला शेवटपर्यंत कळला नाही.

"दादा, काहीच न लिहिलेला नाहीये का?"

"मुलींच्यात आता लिहिलेलंच येतं. चालतं ते."

"आणि मुलांच्यात?"

त्यानं समोरच्या रॅककडे मान उडवली. तिथे डायनोसॉर होते, रॉकेट होतं, पट्टे होते आणि बाकी सगळे मुके निळे-करडे टी-शर्ट. 'मुलांनो, तुम्ही काहीही करू शकता' असं कुणाच्याच छातीवर नव्हतं. ते त्यांना जन्मतःच ठाऊक असतं असं धरून चालत असावेत.

मग जीन्सची पाळी आली. पुढे खिसे दिसत होते. दुहेरी शिलाई, पितळी बटणं, सगळा थाट. लेक आत हात घालायला गेली तर बोट नखापर्यंतच गेलं. खिशाचं तोंड होतं, पोट नव्हतं. "फॅशन आहे," मुलगा म्हणाला, "आत खिसा दिला की इथे फुगतं. मुलींना आवडत नाही."

"कुठल्या मुलीला विचारलंत?"

दुकान पुण्यातलं होतं, त्यामुळे उत्तर मिळालं नाही. गल्ल्यावरच्या काकांनी फक्त चष्म्यावरून पाहिलं आणि जीन्सची घडी घालायला सुरुवात केली. शेवटी मुलांच्या रॅकवरचा एक निळा टी-शर्ट आणि ती बिनपोटाची जीन्स घेऊन आम्ही बाहेर पडलो, कारण मापाची तेवढी एकच होती. पायऱ्या उतरताना लेक म्हणाली, "आई, शर्ट म्हणतो काहीही कर. आणि सायकलची किल्ली कुठे ठेवू, ते पँट सांगत नाही."

हे वाक्य मला एरवीही आवडलं असतं, पण त्या दिवशी ते टोचलं. कारण दोनच दिवसांपूर्वी एका शाळेतून फोन आला होता. मी अधूनमधून लिहिते, म्हणून मला बोलताही येत असेल असा लोकांचा समज आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन, तर नववीच्या मुलींशी तासभर बोलाल का, असं बाई विचारत होत्या. विषय त्यांनीच ठरवला होता : 'किशोरवयीन मुलींसाठी सकारात्मक संदेश'.

"म्हणजे नेमकं काय बोलू?"

"आपलं नेहमीचंच हो. आत्मविश्वास, जिद्द, स्वतःवर प्रेम. सिनेमा-सिरियलमधली उदाहरणं दिलीत तर मुली ऐकतात. आणि जरा पॉझिटिव्ह असू द्या. हल्ली मुली फार तक्रारी करतात."

मी हो म्हटलं. आता वही उघडून बसले की पहिलंच वाक्य 'मुलींनो, तुम्ही...' असं सुरू व्हायचं आणि पुढे तो टी-शर्टच उतरायचा. मुकुटवाल्या मांजरासकट.

मला स्वतःला चौदाव्या वर्षी असले संदेश मिळाले नाहीत. मिळाले ते वेगळे, आणि ते कुणी उभं राहून दिले नाहीत, हवेतूनच आले. पहिलीच्या पुस्तकात 'कमल, नमन कर' होतं आणि 'छगन, कमळ बघ' होतं. काना-मात्रा नसलेली अक्षरं शिकवायची होती, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसणार हे मला मान्य आहे. पण चाळीस वर्षांनी आठवतं ते हेच, की कमलनं वाकायचं होतं आणि छगननं बघायचं होतं. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई-बाबा मिळून भाजी निवडताहेत असं चित्र आलं. तेव्हा त्यावर विनोदही झाले. आमच्या घरी मात्र लेकीनं ते चित्र बघून बाबाकडे पाहिलं आणि बाबानं पेपर थोडा वर धरला.

पुस्तकापेक्षा जोर जाहिरातीचा. गोरेपणाची ती क्रीम १९७५ साली बाजारात आली आणि मी वयात येईपर्यंत प्रत्येक आरशासमोर पोचली होती. माझ्या मावशीनं दहावीच्या सुट्टीत मला एक ट्यूब दिली होती, प्रेमानं, वाढदिवसाची भेट म्हणून. चेहऱ्यांच्या पट्टीवर सावळ्यापासून गोऱ्यापर्यंत सरकत जाणारी तीच ती बाई, आणि गोरी होत जाईल तसतशी हसरीही होत जाणारी. २०२० मध्ये नावातलं गोरेपण गेलं आणि तिथे तेज आलं. ट्यूब राहिली. आता सावळ्या रंगाचं कौतुक करणाऱ्या जाहिराती येतात, त्वचेवर प्रेम करा म्हणतात, आणि त्या प्रेमासाठी सकाळी पाच आणि रात्री सात वस्तू लावायच्या असतात. माझ्या लेकीच्या वर्गातल्या मुली रीळ बघून तोंडाला सीरम लावतात. माझ्या वेळी एक ट्यूब पुरत होती. तेवढी प्रगती आहे.

हे सगळं मी घरी बोलत होते तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांचं माहेर नारायण पेठेतलं. उठून त्यांनी कपाटातून एक फोटो आणला. त्यांच्या आईचा, लग्नानंतर लगेचचा. नऊवारी, खांद्यावरून घेतलेला पदर, अंबाड्याभोवती फुलांची वेणी, मान जराशी कललेली.

"ही नेसण बघ. आई सांगायची, तेव्हा सगळ्याजणी अशाच नेसायच्या. बालगंधर्वांसारखी."

"कोण ही? हिरॉइन होती?" लेकीनं विचारलं.

"अगं, पुरुष होते ते!"

लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्यांच्या नावाच्या रंगमंदिरासमोर ती दर आठवड्याला बस बदलते, ते बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट, हे तिच्या गावीही नव्हतं. रंगमंदिराची कमान, कॅन्टीनचा वडा, प्रदर्शनं, एवढंच तिचं बालगंधर्व. मग सासूबाईंनी सांगितलं, की नाटकातली त्यांची साडी, दागिने, केसांतली फुलं बघून घरोघरच्या बायका तशाच नटायच्या. ते एखादी साडी नेसले की तसल्या साडीसाठी नवऱ्यांचे खिसे रिकामे व्हायचे.

"म्हणजे तेव्हाही मुलींनी कसं दिसायचं ते एक बाप्याच ठरवायचा," लेक म्हणाली.

मी 'तसं नाही गं, ती कला होती' असं काहीतरी पुटपुटले. खरं सांगायचं तर मला उत्तर आलं नाही. सासूबाईंना आलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण आई म्हणायची, बाईच्या उभं राहण्याकडे इतकं मन लावून बघणारा माणूस तिनं त्याआधी पाहिला नव्हता. घरात कोण बघत होतं?" आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या. हे वाक्य माझ्या कुठल्याच चौकटीत बसत नाही, म्हणून इथे तसंच ठेवते.

संध्याकाळी त्यांची मालिका असते. मीही बसते, नाही म्हणणार नाही. हल्लीची नायिका डॉक्टर असते, कलेक्टर असते, निदान कंपनी तरी चालवते. पण दवाखाना दिसत नाही, कचेरी दिसत नाही. दिसतो दिवाणखाना आणि तिच्या हातातला चहाचा ट्रे. एकदा लेकीनं घड्याळ लावून मोजलं. बावीस मिनिटांच्या भागात नायिकेनं पेशंट तपासला चाळीस सेकंद, त्यातही फोन आला आणि ती घरी धावली. तरी मालिकेच्या जाहिरातीत ती 'आजच्या काळातली खंबीर स्त्री' असते. खंबीर हा शब्द मला आताशा संशयास्पद वाटतो. ज्या बाईला कुणी मदत करणार नाही असं ठरलेलं असतं, तिला खंबीर म्हणतात.

लहानपणी माझा हिरो फास्टर फेणे होता. फुरसुंगीचा, सायकलवर सुसाट, 'ट्टॉक' करणारा. तो मुलगा आहे आणि मी मुलगी आहे याचा वाचताना मला त्रास झाला नाही. मी सरळ त्याच्या सायकलवर बसत होते. मोठेपणी मुलींसाठीच्या धाडसकथा वाचल्या तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यांतली मुलगी चोर पकडते तेव्हा 'मुलगी असूनही' पकडते. फेणेनं एकही चोर 'मुलगा असूनही' पकडला नाही. तो नुसता पकडायचा, आणि मग भूक लागायची त्याला. ते 'असूनही' कौतुकाच्या वेष्टनात येतं म्हणून ओळखू येत नाही. तू करू शकतेस, असं ज्या मुलीला दिवसातून चारदा सांगावं लागतं, तिला पाचव्यांदा वाटणारच, की यांना कसली शंका आहे?

भाषा कधीकधी आपल्या आधीच शहाणी झालेली असते. २०२१ मध्ये एमसीसी या इंग्लंडमधल्या क्लबनं क्रिकेटच्या नियमांतून 'बॅट्समन' काढून 'बॅटर' आणला. आमच्या मराठीला काहीच करावं लागलं नाही. फलंदाज तो आणि फलंदाज तीही. पण आम्ही कुठले ऐकतोय? आम्ही 'महिला फलंदाज' म्हणायला लागलो. पुरुष खेळले की भारत जिंकतो, बायका खेळल्या की भारताचा महिला संघ जिंकतो.

गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो संघ नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा मात्र हे असले हिशेब मी विसरले होते. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३९ धावांच्या आव्हानाचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ काढून उभी राहिली तेव्हा तिची जर्सी मातीनं बरबटली होती. सासूबाई म्हणाल्या, "किती मळलीये ग पोर!" आणि त्या आवाजात लाड होता. साबणाच्या जाहिरातीत चिखलात लोळून कौतुक करून घेणारा बहुतेक वेळा मुलगाच असतो, हे मला तेव्हा सुचलं. आणि मग ती बोलायला लागली. जिंकल्यावर माणसं घाम, जिद्द, देवाची कृपा असं बोलतात. देवाचं नाव तिनंही घेतलं. पण त्याबरोबरच सांगितलं की या दौऱ्यात ती जवळजवळ रोज रडली आहे, मन फार अस्वस्थ होतं, ठीक नव्हतं. लेक सोफ्यावरून खाली घसरून टीव्हीच्या जवळ जाऊन बसली. तिनं एरवी कुठल्याही प्रेरणादायी भाषणाला असा मान दिलेला मी पाहिलेला नाही.

अंतिम सामन्यातलं तिच्या लक्षात राहिलेलं दृश्यही चषकाचं नाही. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार शतक काढून उभी होती, तिचा झेल उडाला, अमनजोत कौरच्या हातातून चेंडू निसटला, पुन्हा निसटला आणि तिसऱ्यांदा तिनं तो पडता पडता पकडला. हे लेकीनं वीसेक वेळा मागे नेऊन पाहिलं असेल. "आई, बघ, तिचं तोंड कसं झालंय." तोंड वेडंवाकडं, जीभ बाहेर, डोळे फक्त चेंडूवर. आपण कशा दिसतोय हा विचार ज्या चेहऱ्यावर औषधालाही नाही, असा मुलीचा चेहरा पडद्यावर किती वेळा दिसतो?

आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखनं जानेवारी २०२४ मध्ये अगदी उलट अनुभव लिहिला होता. ती तेव्हा अठराची. नेदरलँड्समधल्या वेइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर तिनं समाजमाध्यमावर लिहिलं, की प्रेक्षक तिचे डाव बघत नव्हते. कपडे, केस, उच्चार असलं सगळं बघत होते. त्यावर 'एवढं काय मनावर घ्यायचं, खेळाकडे लक्ष दे' असा उपदेश करणारे भेटलेच. तेच तर ती सांगत होती, की तुम्ही खेळाकडे लक्ष द्या! पुढच्या वर्षी जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला ती महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. मग मात्र तिचे फोटो 'मुलींसाठी प्रेरणा' म्हणून सगळीकडे लागले. लेकीच्या शाळेतही लागला. तिनं केलेली तक्रार त्या फोटोखाली नव्हती.

इथे माझी वही जरा हलली. मी उलटं बघायला लागले. ज्या बायकांचे फोटो आपण संदेश म्हणून लावतो, त्यांनी स्वतः संदेश दिले होते की गाऱ्हाणी मांडली होती? ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली आमच्या पुण्यातच छापलं गेलं. पहिल्या पानापासून ते गाऱ्हाणं आहे, तेही खणखणीत, चिडलेलं, मध्येच खो-खो हसवणारं. तेव्हाच्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवतात याची तिथे जी झाडाझडती आहे, ती वाचून आजच्या मालिकावाल्यांनी दोन दिवस उपास धरावा. ते पुस्तक पुढे विस्मृतीत गेलं आणि स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं १९७५ मध्ये. म्हणजे त्या क्रीमच्याच वर्षी. दोन्हींपैकी माझ्या घरी काय पोचलं ते वर सांगितलंच आहे.

आणि भोंडला! ऑक्टोबरमध्ये आमच्या सोसायटीत पाटावर हत्ती काढून मुलींनी फेर धरला होता. स्पीकरवर गाणी, मधूनच एक रीळ. लेकीनं मला विचारलं होतं, "यातली सासू कारल्याचा वेल लावायला का लावते?" माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू म्हणते वेल लाव, मग जा. वेल लावला तर म्हणते कारलं येऊ दे. कारलं आलं तर भाजी कर, भाजी केली तर खरकटं काढ. शेकडो वर्षं पोरीबाळी हे टाळ्या वाजवत गात आल्या. त्यात 'घाबरू नकोस' नाही, 'तू वाघीण आहेस' नाही. आहे ती सरळ चहाडी, सासरच्या माणसांची, सगळ्याजणींनी मिळून केलेली, आणि शेवटी खिरापत. मला तर वाटतं मुलींची जी खास आपली करमणूक होती, तिचा जीवच या चहाडीत होता. हल्ली आपण ती काढून घेतली आणि बदल्यात टी-शर्ट दिला.

३ जानेवारीला शनिवार होता, सकाळची शाळा. थंडी चांगली पडली होती. जाताना रिक्षा दगडूशेठच्या गर्दीत अडकली. समोर भिडे वाड्याची जागा. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली, आणि शाळेत जाताना सावित्रीबाई जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, कारण वाटेत लोक शेण-चिखल फेकायचे, हे पुण्यातल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला तो वाडा स्मारकासाठी पाडला. रांगेतल्या सगळ्यांची तोंडं देवाकडे होती. मीही सवयीनं हात जोडले, कुठल्या बाजूला ते नक्की सांगता येणार नाही.

शाळेत नववीच्या मुली एका मोठ्या वर्गात सतरंजीवर बसल्या होत्या. दोन वेण्या, पांढरे बूट, टेबलावर सावित्रीबाईंचा हार घातलेला फोटो.

"मुलं नाहीत का?" मी बाईंना हळूच विचारलं.

"त्यांना हा तास पीटीचा आहे. त्यांना कशाला उगाच."

खिडकी उघडी होती. खाली मैदानावर क्रिकेट चाललं होतं. कुणीतरी बाद आहे की नाही यावर आरडाओरडा. आणि इथे वर, मुली काहीही करू शकतात हे ऐकायला ऐंशीएक मुली मांडी घालून बसलेल्या.

मी वही मिटली. खरं तर धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात, वहीत काही लिहिलेलंच नव्हतं. मी त्यांना मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली मुलगी. चौदा वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. धर्म कुणाचा, माणसानं माणसाला असं का वागवावं, असले प्रश्न त्यात ती विचारते. आपल्या माणसांचे हाल सांगते, कुणाची भीड न ठेवता.

"चौदा म्हणजे आमच्याएवढी?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"हो."

"मग तिला कितवा नंबर मिळाला?"

सगळ्या हसल्या, मीही हसले, पण तिनं खरंच विचारलं होतं. निबंध म्हटलं की स्पर्धा, आणि स्पर्धा म्हटलं की 'पाणी वाचवा', 'बेटी बचाव', 'माझी प्रेरणास्थान माझी आई'. नंबर नव्हता, म्हटलं. स्पर्धाच नव्हती. तिला सांगायचं होतं म्हणून तिनं लिहिलं. मग मी त्यांना कागद काढायला सांगितले आणि म्हटलं, एकेक गाऱ्हाणं लिहा. नाव घालू नका. सिरियलबद्दल, मोबाइलमधल्या रिळांबद्दल, घराबद्दल, शाळेबद्दल, कशाबद्दलही.

पाच मिनिटं कुणी लिहिलं नाही. एकमेकींच्या कागदात डोकावणं फक्त. मग एकीनं सुरुवात केली आणि तास संपेपर्यंत माना वर झाल्या नाहीत.

चिठ्ठ्या मी वाचून दाखवल्या. बाथरूमच्या एका दाराला कडी नाही, मैत्रिणीला बाहेर धरून उभं करावं लागतं. दादा जेवून ताट तिथेच सोडतो. रात्रीच्या क्लासला दादा एकटा जातो, मला सोडायला बाबा येतात आणि मग बाबांचीच चिडचिड. सगळे म्हणतात स्ट्राँग राहा, रडले की म्हणतात बघ मुलींसारखी रडते, मी मुलगीच आहे. सिनेमात हिरॉइनची मैत्रीण जाडी असते आणि ती सारखी खात असते, मी जाडी आहे. मेकअप केला तर म्हणतात वयाआधी मोठी झाली, नाही केला तर म्हणतात जरा नीट राहा. काळी आहे म्हणून स्नेहसंमेलनात मला कायम झाड करतात. एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं : 'ग्राउंड मुलींना गुरुवारी असतं आणि गुरुवारी गणिताचा जादा तास घेतात.' ही वाचल्यावर सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. आणि तीन-चार चिठ्ठ्यांत, मी काहीही सुचवलेलं नसताना, युनिफॉर्मला खिसा नाही असं होतं.

मागे उभ्या असलेल्या बाई आधी घड्याळाकडे बघत होत्या. मग खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. शेवटी पुढे येऊन आभार मानताना म्हणाल्या, "मॅडमनी छान संवाद साधला. तर मुलींनो, सकारात्मक राहायचं." शाल, श्रीफळ, सावित्रीबाईंचं छोटं चरित्र. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो हजेरीपटात ठेवला आणि हजेरीपट रबरानं बांधला. जिन्यात मात्र त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती कडी मी तीनदा लिहून दिलीय वर." नंतर, "आमच्या स्टाफरूमच्या बाथरूमलाही नाहीये."

घरी आल्यावर मी लेकीला सगळं सांगितलं. झाड करण्याची चिठ्ठी ऐकून ती गप्प झाली. मग उठली, ती नवी जीन्स पिशवीत भरली आणि मला घेऊन गल्लीच्या टोकाला अल्टरेशनवाल्या काकांकडे गेली.

काकांनी पँट उलटीसुलटी करून पाहिली. "लेडीज पँटीला खिसा? फिटिंग बिघडेल हो."

"बिघडू दे."

"साठ रुपये होतील. दोन्हीकडे म्हटलं तर एकशेवीस."

"दोन्हीकडे."

"किती खोल?"

लेकीनं पंजा कमरेला लावून दाखवला, मग विचार करून मनगटापर्यंत नेला, आणि काकांनी डोळे मोठे केल्यावर आणखी चार बोटं खाली. त्यांनी खडूनं खूण केली. आतून कुठलं कापड लावू, विचारलं. त्यांच्याकडे चौकड्याचं शिल्लक होतं, सासऱ्यांच्या शर्टाला शोभेल असं. तेच लावलं.

हे झालं पंधरा दिवसांपूर्वी. मध्यंतरी सायकलची किल्ली तीन दिवस हरवली होती. तीन दिवस घरात आरडाओरडा, सोफ्याच्या गाद्या उचलून झाल्या, सासूबाईंनी तांदळाचा डबासुद्धा बघितला. काल जीन्स धुवायला टाकताना मी खिशात हात घातला. चिंचेच्या गोळ्यांचे चार कागद, एक नट, अर्धी पेन्सिल, बसची तिकिटं आणि अगदी तळाशी, मनगटाच्याही खाली, किल्ली.